बाल्टिमोरमधली घरं, वंश आणि आजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकायला आलेले मराठी विद्यार्थी, इथे नोकरीनिमित्त आलेली जोडपी आणि पुण्या-मुंबईहून फोनवर चौकशी करणारे नातेवाईक यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लहान मुलं असलेल्या घरांना भेटी देऊन तिथली ओल, धूळ, रंग आणि उंदीर-झुरळं तपासण्याचं काम मी या शहरात करते. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. ज्यांना फक्त भाड्याचं घर घेताना काय बघायचं एवढंच हवं आहे, त्यांनी सरळ शेवटच्या प्रश्नांकडे जावं.

अमेरिकेत इतकी शहरं असताना बाल्टिमोरच का?

कारण माणसाला कुठे राहू द्यायचं हे ठरवणारा कायदा, त्याच्या वाट्याला आलेलं घर आणि त्या घरातून आलेला आजार ही साखळी इथे कागदोपत्री सापडते. कोणत्या वंशाच्या माणसाने कोणत्या गल्लीत राहायचं, याचा अमेरिकेतला पहिला शहरी कायदा १९१० साली इथे झाला. घराच्या आतल्या भिंतींना शिशाचा रंग लावायला बंदी घालणारं देशातलं पहिलं शहरही हेच, साल १९५१. आणि घर बदलल्यावर मुलांचा दमा कमी होतो का, हे मोजून पाहणारा एक महत्त्वाचा अभ्यासही इथलाच आहे.

१९५० मध्ये शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, २०२० च्या जनगणनेत ती पावणेसहा लाखांच्या थोडी वर भरली. आज दर दहांपैकी जवळपास सहा जण कृष्णवर्णीय आहेत. बहुतेक घरं रांगेतली, एकाला एक चिकटलेली, विटांची, समोर दोन-तीन पायऱ्या. इथे त्यांना रो-हाउस म्हणतात. त्यांतली बरीचशी शंभर वर्षांपूर्वीची आहेत.

एकाच शहरात आयुर्मानात २० वर्षांचा फरक आहे, हे खरं का?

खरं आहे. शहराच्या आरोग्य खात्याने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वस्तीनिहाय अहवालात उत्तरेकडच्या रोलंड पार्क भागातलं सरासरी आयुर्मान ८३ वर्षांच्या आसपास होतं आणि पश्चिमेकडच्या अप्टन–ड्रुइड हाइट्स भागातलं ६३ च्या आसपास. दोन्हींमध्ये गाडीने जेमतेम १५-२० मिनिटांचं अंतर आहे. पहिला भाग प्रामुख्याने गोऱ्यांचा, दुसरा जवळजवळ पूर्णपणे कृष्णवर्णीयांचा.

या २० वर्षांचा सगळा हिशेब घरावर टाकता येणार नाही. गोळीबार, अमली पदार्थ, बेकारी, दवाखान्यापर्यंत न पोहोचणं हे सगळं त्यात आहे. पण यातल्या बहुतेक गोष्टींची मुळं त्याच गल्ल्यांत आहेत आणि त्या गल्ल्या कुणाच्या वाट्याला याव्यात हे आपोआप ठरलेलं नाही.

हा फरक वंशाचाच नसेल कशावरून? काही आजार जन्मजात असतात ना?

हा प्रश्न मला आपल्याकडच्या डॉक्टर मंडळींनीही विचारला आहे, म्हणून नीट सांगते.

२००३ मध्ये हॉपकिन्सच्या संशोधकांनी नैऋत्य बाल्टिमोरमधला असा एक भाग शोधला, जिथे गोरे आणि कृष्णवर्णीय खरोखर शेजारी-शेजारी राहतात आणि दोघांचंही उत्पन्न साधारण सारखंच कमी आहे. अशी जागा या शहरात मुद्दाम हुडकावी लागते, यातच बरंच काही आलं. त्यांनी तिथल्या सुमारे दीड हजार प्रौढांची तपासणी केली. देशभरच्या आकडेवारीत कृष्णवर्णीयांमध्ये मधुमेह लक्षणीय जास्त दिसतो. इथे दोन्ही गटांत तो फरक उरला नाही. स्त्रियांमधल्या लठ्ठपणाचा फरकही नाहीसा झाला, रक्तदाबाचा कमी झाला. बदल झाला तो गोऱ्यांच्या बाजूने : तसल्याच वस्तीत राहणाऱ्या गोऱ्यांची तब्येतही तशीच खालावलेली निघाली.

रक्तदाबातला फरक पूर्ण पुसला गेला नाही, हे खरं. आयुष्यभर सोसलेल्या भेदभावाचा ताण एका वस्तीत समान पत्ता मिळाल्याने जाणार नाही. तरीही वंश आणि वस्ती वेगवेगळ्या करून पाहिल्यावर वस्तीचं पारडं एवढं जड निघतं, तेव्हा "त्यांच्यात असतंच ते" हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडी शोभत नाही.

कृष्णवर्णीय कुटुंबं त्याच पडक्या घरांत का राहिली? दुसरीकडे का गेली नाहीत?

जायचा प्रयत्न केला म्हणूनच तर कायदा आला. १९१० साली जॉर्ज मॅकमेचेन या येलमधून कायदा शिकलेल्या कृष्णवर्णीय वकिलाने मॅकुलो स्ट्रीटवर, गोऱ्यांच्या गल्लीत बिऱ्हाड केलं. घर चांगलं, माणूस सुशिक्षित. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महापौर मेहूल यांनी वटहुकुमावर सही केली : जिथे बहुसंख्य गोरे तिथे कृष्णवर्णीयाने राहायला जायचं नाही, आणि उलटही. कारणांमध्ये एक कारण रोगराई रोखण्याचं होतं. पश्चिमेकडच्या एका चौकोनाला क्षयरोगाच्या मृत्यूंमुळे तेव्हा 'लंग ब्लॉक' म्हणत. हवा-उजेड नसलेल्या, एकेका खोलीत कुटुंबच्या कुटुंब कोंबलेल्या घरांतून क्षय पसरत होता. उपाय म्हणून घरं सुधारण्याऐवजी माणसांनाच तिथे कोंडायचं ठरलं. या शहराच्या इतिहासात मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये केंटकीतल्या एका खटल्यात असे कायदे रद्द ठरवले. मग काम खासगी करारांनी केलं : घराच्या खरेदीखतातच अट, की हे घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही. रोलंड पार्क वसवणारी कंपनी अशा अटींसाठी देशभर प्रसिद्ध होती. १९४८ पर्यंत न्यायालयं त्या अटींची अंमलबजावणी करत होती.

मधल्या काळात केंद्र सरकारही यात उतरलं. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे तयार केले, बाल्टिमोरचा १९३७ चा आहे. कर्ज द्यायला चांगली वस्ती हिरवी, धोक्याची लाल. लाल रंगासाठी घरांचं वय आणि अवस्था बघितली जाई आणि तिथे कोण राहतं हेही बघितलं जाई. एकटा हा नकाशा सगळ्याला जबाबदार नव्हता, इतिहासकारांचा त्यावर वाद आहे. पण १९३४ पासून घरकर्जांना हमी देणाऱ्या केंद्रीय खात्याने हीच समजूत नियम म्हणून पाळली, आणि त्या हमीवर उपनगरं उभी राहिली ती गोऱ्यांसाठी.

आता याचा घराच्या भिंतीशी काय संबंध, ते बघा. बँक कर्ज देत नाही म्हणजे छत बदलायला पैसे नाहीत. छत गळलं की भिंतीत पाणी मुरतं, गिलावा फुगतो, जुना रंग सुटतो. खिडक्या बदलायच्या राहतात. मालक राहायला दुसरीकडे जातो आणि घर भाड्याने देतो. भाडेकरूला दुसरीकडे कुणी घर देत नाही, त्यामुळे दुरुस्ती न करताही भाडं येत राहतं. अशी तीस-चाळीस वर्षं गेली की घराचाच आजार होतो.

शिसं भिंतीवर असतं. ते मुलाच्या पोटात कसं जातं?

बऱ्याच जणांना वाटतं, मूल भिंतीचे पापुद्रे सोलून खातं. तसंही होतं, शिशाच्या रंगाला गोडसर चव असते. पण मुख्य वाट धुळीची आहे आणि ती बहुतेकदा खिडकीपासून सुरू होते.

इथल्या जुन्या घरांत वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या असतात. चौकटीवर शंभर वर्षांत रंगाचे दहा-बारा थर चढलेले. वरचा थर नवा, पांढराशुभ्र, बिनधोक. खालचे थर १९५० च्या आधीचे, त्यांतल्या काही रंगांत वजनाच्या जवळपास निम्मं शिसं असे. खिडकी वर ढकलली की लाकडावर लाकूड घासतं आणि पिठासारखी बारीक धूळ खालच्या खोबणीत पडते. वाऱ्याने ती जमिनीवर येते. रांगणारं मूल तिथे हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं.

इथल्या हार्लेम पार्क वस्तीतल्या एका घरात आजीने खिडकीच्या खोबणीत ओला टॉवेल घडी करून ठेवला होता. रोज सकाळी बदलायची. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं; तिच्या स्वतःच्या मुलाच्या रक्तात शिसं निघालं होतं, आता नातू त्याच घरात होता. टॉवेल उलगडल्यावर त्याच्या घडीत राखाडी रेघ दिसली. त्या खोलीतला पाळणा खिडकीला लागूनच होता, कारण खोलीत दुसरी जागाच नव्हती.

लहान मुलाचं शरीर पोटात गेलेल्या शिशापैकी निम्म्यापर्यंत शोषून घेतं, मोठ्या माणसाचं साधारण दहावा हिस्सा. शरीराला शिसं कॅल्शियमसारखं भासतं, म्हणून ते मेंदूत आणि हाडांत सहज शिरतं. मुलाला लोह कमी पडत असेल तर आणखी शोषलं जातं. म्हणजे निकृष्ट घर आणि निकृष्ट आहार एकमेकांना हातभार लावतात.

त्याने नेमकं काय बिघडतं? औषध नाही का?

एकाग्रता, भाषा, वाचन, स्वतःला आवरण्याची ताकद यांवर परिणाम होतो. बुद्ध्यांक घटतो. हे सगळं कुठलंही बाह्य लक्षण न दिसता होतं, मूल खेळत असतं, जेवत असतं. मोठेपणी हाडांत साठलेलं शिसं रक्तदाब आणि मूत्रपिंडांना त्रास देतं. गरोदरपणात ते हाडांतून सुटून बाळाकडे जाऊ शकतं, म्हणजे आजीच्या घरातलं शिसं नातवापर्यंत पोहोचायला दोन वाटा आहेत.

रक्तातून शिसं काढणारी औषधं आहेत, पण ती साधारणपणे एक डेसिलिटर रक्तात ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असेल तरच देतात. मेंदूचं झालेलं नुकसान ती भरून काढत नाहीत. सुरक्षित पातळी अशी नाहीच. दखल घेण्याची मर्यादा १९६० च्या दशकात ६० होती, १९९१ मध्ये १० झाली, २०१२ मध्ये ५, आणि २०२१ पासून ती ३.५ आहे. १९८० च्या दशकात ज्या मुलांना "ठीक आहे" म्हणून घरी पाठवलं, त्यांतली कितीतरी आजच्या मापाने विषबाधित ठरतील. ती आता चाळिशीत आहेत.

२०१५ मध्ये पोलिस कोठडीत झालेल्या जखमांनी दगावलेला फ्रेडी ग्रे हा तरुण सँडटाउन-विंचेस्टर भागात वाढला होता. त्याच्या आणि बहिणींच्या रक्तात लहानपणी शिसं जास्त निघालं होतं आणि कुटुंबाने घरमालकावर दावा लावला होता. या भागांत अशा भरपाईच्या हप्त्यांना सर्रास 'लेड चेक' म्हणतात. काही कंपन्यांनी हे दीर्घ मुदतीचे हप्ते कवडीमोलाने विकत घेतले. वाचन कच्चं राहिलेल्या माणसाकडून किचकट करारावर सही घेतली जाते, आणि वाचन कच्चं राहण्याचं कारण तेच शिसं असतं. याहून क्रूर व्यवहार मला सुचत नाही.

हे इतकं आधी माहीत होतं, तर थांबवलं का नाही?

बाल्टिमोरच्या आरोग्य खात्याने १९३५ पासून मुलांच्या रक्तातलं शिसं मोफत तपासायला सुरुवात केली, म्हणजे माहिती होती. युरोपातल्या अनेक देशांनी १९२० च्या दशकातच घरातल्या शिशाच्या रंगावर निर्बंध आणले होते. इथे शहराची बंदी १९५१ ची, देशाची १९७८ ची. आणि दोन्ही बंद्या नव्या रंगावर होत्या. जुन्या भिंतींवर जे चढलं होतं ते तसंच राहिलं.

खर्च कुणी करायचा, या एका प्रश्नावर पुढची चाळीस वर्षं गेली. रंग बनवणाऱ्या कंपन्या मालकांकडे बोट दाखवत, मालक म्हणत की घराच्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग, आणि सरकार मूल आजारी पडल्यावर जागं होई. घर तपासण्याचं यंत्र म्हणून मुलाचं रक्त वापरलं गेलं, असंच म्हणावं लागतं. १९८६ मध्ये इथल्या पालकांनी स्वतः संघटना उभारली. मेरीलँड राज्याचा कायदा १९९४ चा : जुनी भाड्याची घरं नोंदवायची, भाडेकरू बदलताना तपासणीचा दाखला घ्यायचा. तो आधी १९५० पूर्वीच्या घरांपुरता होता, २०१५ पासून १९७८ पूर्वीच्या सगळ्या भाड्याच्या घरांना लागू झाला.

या काळातलं एक प्रकरण इथे सगळ्यांना माहीत आहे. १९९० च्या दशकात केनेडी क्रीगर या मुलांच्या आजारांवर काम करणाऱ्या इथल्या संस्थेने शंभरावर घरांत वेगवेगळ्या खर्चाची, काही ठिकाणी अर्धवटच, शिसेनिवारणाची कामं करून तिथे राहणाऱ्या लहान मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं. कोणती स्वस्त दुरुस्ती पुरेशी ठरते, हे शोधायचं होतं. संस्थेचं म्हणणं असं, की ही मुलं एरवी याहून वाईट घरांत राहिली असती. २००१ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने या अभ्यासावर अत्यंत कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि टस्कीगीच्या कुप्रसिद्ध प्रयोगाची आठवण काढली, ज्यात कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता वर्षानुवर्षं नुसता बघितला गेला. संस्थेचं म्हणणं खोटं नव्हतं, अशी माझी समजूत आहे. त्या मुलांना खरोखरच दुसरं बरं घर उपलब्ध नव्हतं. पण "याहून वाईट" हेच ज्याचं माप ठरतं, त्या मुलाला बरं घर कधी मिळणार?

फ्लिंटसारखा पाण्याच्या नळांचा प्रश्न इथेही आहे का?

मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात २०१४ नंतर जी शिसेबाधा झाली ती नळाच्या पाण्यातून झाली. बाल्टिमोरमधल्या मुलांच्या शिसेबाधेचं मुख्य कारण घरातला जुना रंग आणि त्याची धूळ हेच राहिलं आहे. नळाचं पाणी तपासून घ्यायला हरकत नाही, पण आधी खिडक्या बघा.

दम्याचा आणि घराचा काय संबंध?

फार जवळचा. दमा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये गोऱ्या मुलांच्या साधारण दुप्पट आढळतो आणि त्याने मृत्यू होण्याचं प्रमाण त्याहूनही जास्त पटींनी आहे. १९९७ मध्ये मोठ्या शहरांतल्या आठ गरीब भागांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बाल्टिमोर होतं. झुरळांची ऍलर्जी असलेली आणि खोलीत झुरळांचे कण भरपूर असलेली मुलं कितीतरी जास्त वेळा रुग्णालयात दाखल होत होती. पुढे बाल्टिमोरमध्ये उंदराचा त्रास त्याहून मोठा निघाला. उंदराच्या लघवीतलं प्रथिन धुळीला चिकटून हवेत तरंगतं. उंदीर दिसला नाही तरी ते गादीत, गालिच्यात असतं.

उंदीर येतो तो भिंतीतल्या भोकातून, सिंकखालच्या पाइपभोवतीच्या फटीतून, शेजारच्या रिकाम्या घरातून. तळघरात पाणी साचलं की बुरशी धरते. गॅसची शेगडी, वर धूर ओढणारा पंखा नाही, हिवाळ्यात खिडक्या बंद. अशा घरात मुलाला रोज इनहेलरचा फवारा द्यायचा आणि त्याच हवेत झोपवायचं म्हणजे छत गळत असताना फरशी पुसत बसणं.

मग घरातले उंदीर मारले की दमा कमी व्हायला हवा. होतो का?

उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. बाल्टिमोर आणि बॉस्टनमधल्या ३६१ मुलांवर एक काटेकोर चाचणी झाली, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एका गटाला व्यावसायिक कीड-नियंत्रण आणि माहिती, दुसऱ्याला फक्त माहिती. लक्षणांत दोन्ही गटांत ठळक फरक पडला नाही. मात्र ज्या घरांत उंदराचं प्रथिन खरोखर खूप खाली आलं, तिथली मुलं सुधारली. अडचण अशी, की रांगेतल्या घरात तुम्ही तुमच्या बाजूची भोकं बुजवली तरी भिंत सामाईक असते.

आणि घरच बदललं तर?

याचं उत्तर २०२३ मध्ये मिळालं आणि या सगळ्या विषयात मला ते सर्वांत मोलाचं वाटतं.

आधी पार्श्वभूमी. १९९५ मध्ये इथल्या सार्वजनिक घरांतल्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी शहरावर आणि केंद्राच्या गृहनिर्माण खात्यावर खटला भरला : तुम्ही आम्हाला वर्षानुवर्षं त्याच वस्त्यांत ठेवलंत. २००५ मध्ये न्यायाधीशांनी केंद्रीय खात्याला दोषी धरलं. आजूबाजूच्या सगळ्या जिल्ह्यांतले गरीब साठवून ठेवण्याची जागा म्हणून बाल्टिमोरकडे बघता येणार नाही, असा त्यांचा आशय होता. २०१२ मध्ये तडजोड झाली. या खटल्यातूनच एक योजना उभी राहिली. कुटुंबांना भाड्याची मदत, चांगल्या भागात घर शोधायला मदत आणि गेल्यावर काही काळ पाठबळ.

या योजनेतून घर बदललेल्या कुटुंबांतल्या दमा असलेल्या १२३ मुलांचा अभ्यास झाला. हलण्यापूर्वी कुठल्याही तीन महिन्यांत साधारण १५ टक्के मुलांना दम्याचा मोठा झटका येत असे. हलल्यानंतर ते प्रमाण साडेआठ टक्क्यांवर आलं. दोन आठवड्यांतले त्रासाचे दिवस पाचांवरून तिनांच्या आत आले. हा परिणाम दम्याच्या चांगल्या औषधांच्या तोडीचा आहे. सुधारणेचा जवळपास तिसरा हिस्सा ताण कमी झाल्यामुळे असावा, असं आकडे सुचवतात : रात्री बाहेर पडायची भीती नाही, शेजारी ओळखीचे. मुलं तीच, आईवडील तेच, वंश तोच.

म्हणजे सगळ्यांना उपनगरांत हलवायचं?

नाही. ज्यांना जायचं आहे त्यांना जाता आलं पाहिजे, आणि योजनेसाठी लोक वर्षानुवर्षं यादीत असतात. पण पश्चिम बाल्टिमोरमध्ये चर्च आहेत, नातीगोती आहेत, तीन पिढ्यांच्या आठवणी आहेत. १९६० आणि ७० च्या दशकांत एका महामार्गासाठी इथली शेकडो घरं पाडली आणि रस्ता मध्येच सोडून दिला. 'कुठेही न जाणारा महामार्ग' म्हणूनच तो ओळखला जातो. "तुमच्या भल्यासाठी हला" हे या लोकांनी पूर्वी ऐकलेलं आहे. राहत्या जागी घर नीट करून मिळणं हा त्यांचा हक्क आहे.

शेजारचं घर रिकामं असेल तर काय बिघडतं?

बरंच. शहरात वर्षानुवर्षं १५ हजारांच्या आसपास रिकामी, राहण्यालायक नसलेली घरं होती. हल्ली संख्या १३ हजारांकडे आली आहे. रिकाम्या घराचं छत कोसळलं की पावसाचं पाणी सामाईक भिंतीतून तुमच्या घरात येतं. तुम्ही भिंत रंगवा, पुन्हा ओल. उंदीर तिथे, आग लागली तर तिथे. जानेवारी २०२२ मध्ये स्ट्रिकर स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या घराच्या आगीत घराचा भाग कोसळून अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. ही घरं बहुतेक १९३७ च्या त्या नकाशावर लाल किंवा त्याखालोखाल पिवळ्या असलेल्या भागांत आहेत.

उन्हाळ्याचा यात काय भाग?

काळं डांबरी सपाट छत, खाली झोपण्याची खोली, गल्लीत झाड नाही. २०२० मध्ये १०८ अमेरिकी शहरांच्या पाहणीत तशाच जुन्या नकाशांवर लाल असलेले भाग इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सियसने जास्त तापलेले आढळले. वयस्कर माणूस, हृदयविकार, वरच्या मजल्यावरची खोली आणि बिलाच्या भीतीने बंद ठेवलेला एसी हे एकत्र आलं की जीव जातो.

पण स्वच्छता तर आपल्या हातात असते ना? लोक घर नीट ठेवत नाहीत म्हणूनही होत असेल.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि खरं सांगायचं तर आपल्या लोकांकडून येतो. मी ज्या घरांत जाते त्यांतली बरीचशी लखलखीत असतात. फिनेलचा वास, घासून पांढऱ्या केलेल्या पायऱ्या. कोरड्या झाडूने केर काढला तर शिशाची धूळ उलट हवेत उडते. झुरळांसाठी बाजारचे तीव्र फवारे मारले तर मुलाचा दमा वाढतो. म्हणजे जीव तोडून केलेली स्वच्छताही इथे उलटते. पाइपची फट बुजवणं, छत बदलणं, खिडकी बदलणं ही मालकाची कामं आहेत आणि भाडेकरूला ती करायची परवानगीही नसते.

परिस्थिती सुधारली की नाही?

शिशाच्या बाबतीत, खूप. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या तुलनेत बाल्टिमोरमध्ये शिसेबाधित मुलांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली आहे. कायदा, तपासणी, पालकांचा रेटा आणि पैसा एकत्र आला की काय होतं, ते इथे दिसतं. २०१६ पासून मेरीलँडमध्ये प्रत्येक मुलाची एक आणि दोन वर्षांच्या वयाला रक्ततपासणी अपेक्षित आहे. उरलेली मुलं मात्र त्याच वस्त्यांत आहेत. २०१९ पासून शहरात एक-दोन कुटुंबांच्या भाड्याच्या घरांनाही परवाना लागतो, पण त्यासाठीचा तपासनीस मालकानेच नेमायचा आणि त्याचे पैसेही मालकानेच द्यायचे असतात. ही पद्धत बदलायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही जुन्या रो-हाउसमध्ये भाड्याने जागा घेतोय, घरात लहान मूल आहे. काय बघावं?

घर १९७८ पूर्वीचं आहे का, हे आधी विचारा. असेल तर राज्याच्या पर्यावरण विभागाकडची नोंदणी आणि शिसे-तपासणीचा दाखला मागा. शिशाबद्दलची सरकारी पुस्तिका मालकाने द्यायलाच हवी. दाखला 'शिसेमुक्त' आहे की फक्त 'धोका कमी केलेला', ते वाचा. दोन्हींत फरक आहे. खिडकी स्वतः उघडून-मिटून बघा आणि खोबणीत बोट फिरवा. तळघरात उतरा, वास घ्या. दोन्ही बाजूंच्या घरांत कुणी राहतं का ते बघा.

राहायला गेल्यावर ओल्या फडक्याने पुसा, रंग स्वतः खरवडू नका, पाळणा खिडकीपासून लांब ठेवा. मुलाच्या जेवणात लोह, कॅल्शियम असू द्या : नाचणी, पालक, डाळी, दूध, वर लिंबू.

आमच्या मुलाच्या रक्तात शिसं निघालं, पण घर तर नवं आहे. मग कुठून आलं?

भारतातून आणलेल्या वस्तू तपासा. घरगुती किंवा डबीतलं काजळ, सुरमा, काही शेंदूर-कुंकू, काही रसौषधी यांत शिसं सापडलेलं आहे; सुरमा-काजळाला अमेरिकेत सौंदर्यप्रसाधन म्हणून परवानगीच नाही. बांगलादेशात हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट हे शिशाचं रंगद्रव्य घातल्याचं उघड झालं आहे, त्यामुळे सुटी हळद आणताना विचार करा. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दर दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आहे, म्हणजे आजोळच्या जुन्या दारं-खिडक्यांना हाच नियम लावून सुरक्षित समजू नका. डॉक्टरांना हे सगळं मोकळेपणाने सांगा. लपवलं की ते भिंती तपासत बसतात आणि मुलाच्या डोळ्यांत रोज काजळ जात राहतं.

मालक दुरुस्ती करत नाही. तक्रार केली तर घराबाहेर काढेल का?

तक्रारीचा सूड म्हणून बाहेर काढणं मेरीलँडमध्ये बेकायदा आहे. शहराच्या ३११ क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. मालकाला लेखी कळवा, फोटो तारखेसह ठेवा. जीवाला किंवा तब्येतीला गंभीर धोका असेल तर भाडं मालकाऐवजी न्यायालयात भरण्याची सोय आहे. तिला रेंट एस्क्रो म्हणतात. भाडं नुसतं थांबवू नका, तिथेच लोक फसतात. घर खाली करण्याचा खटला लागलाच, तर कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला वकील मिळावा असा शहराचा कायदा २०२० पासून आहे. व्हिसावर असलात तरी हे हक्क तुम्हालाही आहेत. आणि तुमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाच्या खिडक्याही तशाच असतील, तर तक्रार दोघांनी मिळून करा. त्यांना त्या कचेऱ्यांचा अनुभव तुमच्याहून जास्त असतो.